हेलिकॉप्टरच्या इलेक्ट्रिकल आणि इंजिन मॉनिटरिंग प्रणालींवरचे सक्तीचे एडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवा एडी, म्हणजे उड्डाणयोग्यतेबाबतचा सक्तीचा आदेश, आला की हँगरमध्ये ठरावीक प्रश्न सुरू होतात. मालकाला मशीन किती दिवस उभं राहणार ते हवं असतं, पायलटला आजचं उड्डाण होणार की नाही ते, आणि नव्या टेक्निशियनला लॉगबुकात काय लिहायचं ते. गिअरबॉक्स किंवा रोटर ब्लेडवरचा एडी सगळे निमूट पाळतात. वायर, सेन्सर, डिस्प्ले यांच्यावरचा आला की मात्र "इंडिकेशनचंच आहे ना?" असा सूर लागतो. त्या सुरासाठी खालचं दुसरं उत्तर मुद्दाम लांबवलं आहे.

एडी म्हणजे नेमकं काय? सर्व्हिस बुलेटिनपेक्षा तो वेगळा कसा?

एडी म्हणजे एअरवर्दिनेस डिरेक्टिव्ह, उड्डाणयोग्यतेबाबतचा कायदेशीर आदेश. एखाद्या मॉडेलमध्ये असुरक्षित स्थिती आढळली आणि तीच स्थिती त्या डिझाइनच्या इतर मशीनमध्येही असण्याची किंवा उद्भवण्याची शक्यता असली, की विमानवाहतूक प्राधिकरण तो काढतं. अमेरिकेच्या विमानवाहतूक प्राधिकरणात, एफएएमध्ये, हे पार्ट ३९ या नियमाखाली येतं. तिथली भाषा सरळ आहे: एडीची पूर्तता न करता जितक्या वेळा उडाल तितक्या वेळा नियमभंग.

सर्व्हिस बुलेटिन उत्पादक काढतो. त्यावर उत्पादकाने 'अनिवार्य' असा शिक्का मारला तरी तेवढ्याने ते सगळ्यांवर कायद्याने बंधनकारक होत नाही. तुमच्या मंजूर मेंटेनन्स प्रोग्रॅमने किंवा देशाच्या नियमांनी ते बंधनकारक केलं असेल तर गोष्ट वेगळी. बहुतेक एडी एखाद्या बुलेटिनकडे बोट दाखवून "त्यातल्या अमुक परिच्छेदाप्रमाणे काम करा" असं सांगतात, आणि त्या क्षणी तो परिच्छेद सक्तीचा होतो. बुलेटिन आणि एडी यांत तफावत असेल तर एडी चालतो. बुलेटिन १०० तास देत असेल आणि एडी २५, तर २५.

इंजिन ठणठणीत आहे, फक्त गेज चुकीचा दाखवतो. तरी मशीन खाली का बसवायचं?

टर्बाइन इंजिनाची तब्येत पायलटला कानाने कळत नाही. त्याच्याकडे असतात ते एन१ (गॅस जनरेटरचा वेग), एन२ (पॉवर टर्बाइनचा वेग), रोटर आरपीएम, टर्बाइनचं तापमान, टॉर्क, तेलाचा दाब आणि तेलाचं तापमान. या आकड्यांवर तो कलेक्टिव्ह (सगळ्या रोटर ब्लेडचा कोन एकदम बदलणारा दांडा) किती उचलायचा ते ठरवतो. मॉनिटरिंग प्रणाली दोन प्रकारे घात करते: बोलायचं तेव्हा गप्प राहून, किंवा काही झालेलं नसताना ओरडून.

आधी गप्प राहण्याबद्दल. टर्बाइनच्या तापमानासाठी बहुतेक इंजिनांत क्रोमेल-अल्युमेलचे थर्मोकपल, म्हणजे दोन मिश्रधातूंच्या तारा जोडून केलेले तापमानाचे सेन्सर, असतात. त्यांचा सिग्नल एका अंश सेल्सिअसला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट इतका असतो, म्हणजे २० अंशांची चूक एक मिलिव्होल्टच्या आतली. जुन्या काट्याच्या मीटरला जाणाऱ्या वायरीत एखादं टर्मिनल सैल झालं किंवा गंजलं, तर वाढलेल्या रोधामुळे काटा खाली राहतो. पायलट हिरव्या पट्ट्यात उडत असतो आणि टर्बाइनची पाती मर्यादेवर भाजत असतात. त्यांचं आयुष्य किती कमी झालं हे कुठल्याच लॉगबुकात येत नाही, कारण गेजने मर्यादा ओलांडलेली दाखवलीच नाही. टॉर्कचं तसंच. टॉर्क कमी दिसला तर पायलट जास्त ओढणार, आणि भार ट्रान्समिशन सोसणार.

आता ओरडण्याबद्दल. एकच इंजिन असलेल्या हेलिकॉप्टरमध्ये कमी उंचीवर 'इंजिन आउट'चा दिवा लागला आणि भोंगा वाजला, तर पायलटला कलेक्टिव्ह खाली टाकून ऑटोरोटेशनमध्ये जायचं, म्हणजे इंजिनाच्या जोराशिवाय रोटर हवेवर फिरवत उतरायचं, शिकवलेलं असतं. तो दिवा एन१ पिकअपच्या (वेग मोजणाऱ्या सेन्सरच्या) कनेक्टरमधल्या सैल पिनमुळे लागला असेल, तर उत्तम चालणाऱ्या इंजिनासह झाडांवर उतरायची वेळ येते.

याचं ढळढळीत उदाहरण २०१२ सालचं आहे. १० मे आणि २२ ऑक्टोबर या दिवशी उत्तर समुद्रावर दोन ईसी२२५ सुपर प्यूमा हेलिकॉप्टर पाण्यात उतरवावी लागली. मूळ दोष यांत्रिक होता: मुख्य गिअरबॉक्समधला बेव्हल गिअरचा शाफ्ट तडकला, तेलाचे पंप बंद पडले. अशा वेळेसाठी आपत्कालीन वंगण प्रणाली असते. वैमानिकांनी ती चालू केली आणि ती चालली. पण कॉकपिटमध्ये ती निकामी झाल्याचा इशारा लागला. तो लागला की ताबडतोब पाण्यात उतरा, असंच पुस्तकात लिहिलेलं होतं, आणि ते उतरले. दोन्ही वेळा सगळे वाचले. ब्रिटनच्या एएआयबी या विमान अपघात तपास संस्थेच्या तपासात निघालं की तो इशारा खोटा होता: प्रेशर स्विचची अंतर्गत रचना आणि हेलिकॉप्टरचं वायरिंग यांचा मेळ नव्हता. दोन हेलिकॉप्टर समुद्रात गेली त्यामागे तडकलेल्या शाफ्टइतकाच या न जुळलेल्या वायरिंगचाही हात होता. त्यामुळे 'इंडिकेशनचंच आहे' हे वाक्य मी तरी ऐकून घेत नाही.

फाडेक असलेल्या इंजिनात हे धोके कमी असतात का?

वेगळे असतात. फाडेक म्हणजे इंजिनाचं इंधन संगणकाने सांभाळणं, आणि संगणक जगतो सेन्सरवर. जुन्या यांत्रिक गव्हर्नरच्या इंजिनात एन२चा सेन्सर गेला तर काटा पडायचा, इंजिन आपलं चालत राहायचं. फाडेकमध्ये तोच सिग्नल इंधनाचा निर्णय घेतो. दोन चॅनेल असतील तर दुसरा ताबा घेतो. सिग्नलवर विश्वासच उरला नाही तर काही इंजिनांत इंधनप्रवाह आहे तिथे गोठतो आणि पायलटला हाताने सांभाळावं लागतं. म्हणून इथे हार्नेसचा (एकत्र बांधलेल्या वायरींच्या जुडग्याचा) दोष हा इंजिन नियंत्रणाचाच दोष धरला जातो आणि मुदती आखूड येतात.

इलेक्ट्रिकल बाजूचे एडी साधारण कशावर निघतात?

सर्वांत जास्त भरतात घासलेल्या वायरी. हेलिकॉप्टर अखंड थरथरतं. जिथे जिथे हार्नेस काठाला, नळीला किंवा दुसऱ्या हार्नेसला टेकतो तिथे इन्सुलेशन झिजतं. क्लॅम्पमधलं रबर कडक होऊन निसटलेलं असतं, धातूचा काठ थेट वायरीवर बसलेला असतो. वरून बघितलं तर हार्नेस व्यवस्थित बांधलेला दिसतो. क्लॅम्प उघडून वायर अर्धा वळसा फिरवली की खालच्या बाजूला काळी-करडी भुकटी आणि तांब्याची चमक दिसते. एडीमध्ये 'तपशीलवार तपासणी' लिहिलं असेल तर टॉर्च मारून पुढे जाणं पुरत नाही, ते याचसाठी.

अशी वायर इंधनाच्या किंवा हायड्रॉलिकच्या नळीजवळ असेल तर ठिणगीने नळीला भोक पडू शकतं. काही जुन्या विमानांत आणि हेलिकॉप्टरमध्ये पॉलिइमाइड इन्सुलेशनची वायर आहे. ती हलकी आणि उष्णतेला चिवट, पण एकदा ठिणगी पडली की इन्सुलेशनचा कोळसा होतो, तो स्वतः वीज वाहतो आणि ठिणगी वायरीवरून पुढे सरकत जाते. २ सप्टेंबर १९९८ रोजी स्विसएअर १११ हे प्रवासी विमान नोव्हा स्कोशियाजवळ समुद्रात कोसळून २२९ माणसं गेली. तिथे आग छताच्या वर, वायरीच्या ठिणगीपाशी सुरू झाली होती. ते हेलिकॉप्टर नव्हतं, पण वायरिंगकडे स्वतंत्र प्रणाली म्हणून बघायची सवय विमानवाहतुकीला लागली ती अशा अपघातांनंतर.

दुसरा गट स्टार्टर-जनरेटर आणि जाड केबलींचा. एकच यंत्र इंजिन सुरू करतं आणि मग २८ व्होल्टची वीज पुरवतं. त्याच्या टर्मिनलवरचा नट नीट आवळलेला नसेल तर काय होतं याचा हिशोब सोपा आहे. सांध्यात ०.०१ ओहमचा रोध आला आणि २०० अँपिअर वाहिले, तर २ व्होल्ट तिथेच गळतात आणि ४०० वॅट उष्णता त्या एका नटापाशी तयार होते. सर्किट ब्रेकर पडत नाही, कारण प्रवाह मर्यादेतच असतो.

मग बॅटरी. निकेल-कॅडमियम बॅटरी तापली की तिचा अंतर्गत रोध घटतो, ती आणखी चार्जिंग प्रवाह ओढते आणि आणखी तापते. याला थर्मल रनअवे म्हणतात. म्हणून या बॅटऱ्यांना तापमानाचा सेन्सर आणि कॉकपिटमध्ये इशारा असतो. त्या सेन्सरची वायर तुटली तर दिवा लागतच नाही आणि सगळं छान आहे असं वाटतं. बाकी रिले, बस बार, जनरेटर कंट्रोल युनिट, कनेक्टरमधलं पाणी, सुटलेलं बाँडिंग (धातूचे भाग एकमेकांना जोडणारी विजेची जोडणी) हेही येतं, पण त्यात सांगण्यासारखं वेगळं फार नाही.

चिप लाइट लागला होता. प्लग काढून पुसला, दिवा गेला. झालं ना काम?

नाही. चिप डिटेक्टरमध्ये एक चुंबक आणि एक फट असते. तेलातला लोखंडी कण फटीवर बसला की सर्किट ग्राउंड होतं आणि दिवा लागतो. याच कारणाने घासून बॉडीला टेकलेली वायरही हुबेहूब तोच दिवा लावते. आणि वायर तुटलेली असेल तर प्लगवर मूठभर चिप्स जमल्या तरी दिवा लागणार नाही. प्लग स्वच्छ निघाला आणि दिवा पुन्हा लागला तर वायर बघा. दिवा कधीच लागलेला नसेल तर चाचणीच्या दिवशी प्लगची फट जोडून तो लागतो का ते बघा. बटण दाबून काही वेळा फक्त बल्ब तपासला जातो; बटण प्लगपर्यंतची वायर तपासतं की नाही, हे तुमच्या मॉडेलच्या पुस्तकातून माहीत करून घ्या.

कण सापडला असेल तर तो पुसून टाकणं ही सर्वांत वाईट गोष्ट. तो पिशवीत घाला, आकार मोजा, मेंटेनन्स मॅन्युअलच्या निकषांशी ताडून बघा, सांगितलं असेल तर प्रयोगशाळेत पाठवा. १ एप्रिल २००९ रोजी स्कॉटलंडच्या किनाऱ्यापासून दूर एक एएस३३२ एल२ सुपर प्यूमा कोसळून १६ जण गेले. अपघाताच्या ३६ उड्डाणतास आधी, २५ मार्चला, गिअरबॉक्सच्या एपिसायक्लिक भागातल्या (मधल्या गिअरभोवती छोटे प्लॅनेट गिअर फिरतात त्या भागातल्या) डिटेक्टरवर एक चुंबकीय कण सापडला होता. तो दुसऱ्या टप्प्याच्या प्लॅनेट गिअरच्या ऱ्हासाची खूण आहे हे ओळखलं गेलं नाही आणि नंतर कुठल्याही प्रणालीने पुन्हा इशारा दिला नाही. शिवाय गिअरबॉक्समध्येच बसवलेली चुंबकांची एक कडी कण वाटेत धरून ठेवत होती, त्यामुळे ते डिटेक्टरपर्यंत पोहोचण्याची शक्यता कमी होत होती.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. २९ एप्रिल २०१६ रोजी नॉर्वेत तुरॉयजवळ ईसी२२५ कोसळलं, १३ मृत्यू. तिथेही प्लॅनेट गिअर फुटला, पण तडा पृष्ठभागाखाली वाढला आणि चिप डिटेक्टर, कंपन-निरीक्षण यांपैकी कशानेही आधी काही दाखवलं नाही. मॉनिटरिंग पूर्ण चालू असूनही काही दोष तिच्या हाती लागत नाहीत. म्हणूनच काही एडी सेन्सर असतानाही ठरावीक तासांनी प्लग हाताने काढून बघायला लावतात. 'एवढं हुम्स (कंपन आणि वापरावर नजर ठेवणारी प्रणाली) बसवलंय, मग हे कशाला' या प्रश्नाचं उत्तर तुरॉयमध्ये आहे.

कोणत्या देशाचा एडी लागू होतो?

तुमचं मशीन ज्या देशात नोंदलेलं आहे त्या देशाच्या प्राधिकरणाने काढलेला किंवा स्वीकारलेला. व्यवस्था अशी: डिझाइनचा देश दोषाची सक्तीची माहिती प्रसृत करतो आणि नोंदणीचा देश ती स्वीकारतो किंवा स्वतःचा आदेश काढतो. हे आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या अनेक्स ८ प्रमाणे चालतं. युरोपात डिझाइन झालेल्या हेलिकॉप्टरसाठी मूळ एडी ईएएसएचा, म्हणजे युरोपीय विमानवाहतूक सुरक्षा संस्थेचा, असतो. एफएए तोच उचलून स्वतःचा काढते आणि त्यात अपवाद घालते. मुदत किंवा तासांची व्याख्या तिथे बदललेली असू शकते. दोन्ही वाचा, पाळा तो तुमच्या नोंदणीला लागू असलेला.

माझ्या मशीनला हा एडी लागतो की नाही, कसं कळणार?

एडीतला 'लागू' हा परिच्छेद वाचून. शीर्षकावरून कधीच नाही. शोध तीन ठिकाणी घ्यावा लागतो: हेलिकॉप्टरचं मॉडेल, इंजिनाचं मॉडेल आणि बसवलेली उपकरणं. स्टार्टर-जनरेटर किंवा डिस्प्ले युनिटवरचा एडी कधीकधी त्या उपकरणाच्या नावाने निघतो आणि एअरफ्रेमच्या यादीत दिसतच नाही. लोक चुकतात ते इथेच.

त्यानंतर पार्ट नंबर आणि सीरियल नंबर. आणि हे पाटीवर बघायचे, कार्डावर नव्हे. गेल्या वर्षी बदललेलं युनिट कार्डावर चढलंच नसेल तर कार्ड बघून दिलेलं उत्तर चुकणार. ईएएसएचे बरेच एडी हेलिकॉप्टरचे गट पाडतात: ज्यात दोषी भाग बसवलेला आहे तो गट १, ज्यात नाही तो गट २. गट २ म्हणजे सुटका नव्हे. तो भाग यापुढे बसवायचा नाही, ही बंदी त्यालाही असते. स्टोअरच्या रॅकवरचे सुटे भाग म्हणूनच त्याच दिवशी तपासून वेगळे काढावेत.

त्या जागी तुम्ही आधीच काही बदल केलेला असेल तरी एडी लागू राहतो. बदलामुळे सांगितलेलं काम करणंच शक्य नसेल तर पर्यायी पद्धतीची मंजुरी मागायची. आपणच 'लागू नाही' लिहून मोकळं व्हायचं नाही.

मुदत कशी मोजायची?

एडी लागू होण्याच्या तारखेपासून. छापल्याच्या किंवा तुमच्या हाती पडल्याच्या तारखेपासून नाही. एफएएचे आपत्कालीन एडी मात्र थेट मालकाला पाठवले जातात आणि मिळताक्षणी लागू होतात. ईएएसएच्या आपत्कालीन एडीच्या क्रमांकाशेवटी ई हे अक्षर असतं.

मुदत तासांत, दिवसांत, स्टार्टच्या संख्येत किंवा 'पुढच्या उड्डाणाआधी' अशी असते. 'यांपैकी जे आधी घडेल' आणि 'जे नंतर घडेल' यांतला फरक दोनदा वाचा. तासांचंही एक खोडकर प्रकरण आहे. एफएएच्या व्याख्येत सेवेतला वेळ म्हणजे जमीन सोडल्यापासून जमिनीला टेकेपर्यंतचा. तुमचा हॉब्स मीटर (तास मोजणारा मीटर) तेलाच्या दाबावर चालत असेल तर तो जमिनीवरची मिनिटंही मोजतो. एडीसाठी कोणता आकडा धरता ते एकदा ठरवा आणि तोच सगळीकडे वापरा.

वारंवार करायच्या तपासणीत काम लवकर केलं तर पुढची मुदत केलेल्या तासापासून धरायची. नेहमीच्या इन्स्पेक्शनला मिळणारी १० टक्क्यांची सवलत एडीला गृहीत धरू नका. एडीने स्वतः दिली असेल तरच ती आहे.

हेच काम आम्ही आधी बुलेटिन वाचून केलंय. पुन्हा करायचं का?

बहुतेक वेळा नाही. 'आधीच केलेलं नसल्यास' असे शब्द किंवा जुन्या आवृत्तीला मान्यता देणारा परिच्छेद शोधा. बुलेटिनची आवृत्ती मात्र एडीतलीच हवी. आवृत्ती १ मध्ये पाच कनेक्टर होते आणि २ मध्ये सहा झाले असतील, तर सहावा राहिलाय. आणि काम पूर्वी झालं असलं तरी एडीची नोंद आता स्वतंत्रपणे करावीच लागते.

मुदत संपलीय, मशीन दुसऱ्या तळावर आहे. उडवून आणता येईल?

परवानगीशिवाय नाही. अमेरिकी नोंदणीत विशेष उड्डाण परवाना, युरोपात परमिट टू फ्लाय मागावा लागतो. काही एडी स्वतःच असा परवाना नाकारतात किंवा अटी घालतात: प्रवासी नाहीत, फक्त दिवसा, अमुक तासांच्या आत. आगीचा किंवा इंजिन नियंत्रणाचा धोका असेल तर टेक्निशियनलाच तिकडे पाठवा. ते नेहमी स्वस्त पडतं.

एमईएलमध्ये त्या इंडिकेटरला दहा दिवसांची सूट आहे. ती वापरू का?

एमईएल, म्हणजे कोणती उपकरणं बंद असतानाही उडता येतं याची मंजूर यादी, ही नेहमीच्या बिघाडासाठी आहे. एडी त्या वस्तूबद्दल काही सांगत असेल तर एमईएलची सूट संपली. तसंच, सतत लागणारा खोटा इशारा गप्प करायला सर्किट ब्रेकर ओढून उडणं हा उपाय नाही. एका ब्रेकरवर अनेकदा दोन-तीन गोष्टी असतात, आणि दुसरी कोणती गेली ते हवेत कळतं.

पायलटला एडीचं काम करता येतं का?

एडीनेच तसं लिहिलं असेल तर. एफएएच्या हेलिकॉप्टर एडींमध्ये कधीकधी साधी नजरेची तपासणी मालक-पायलटला करू दिली जाते. किमान प्रायव्हेट पायलटचं लायसन्स हवं आणि नोंद करायला हवी. बाकी हत्यार लागणारं प्रत्येक काम लायसन्सधारक टेक्निशियनचं. दुसरा प्रकार फ्लाइट मॅन्युअलमधल्या बदलाचा: नवी मर्यादा, नवी आपत्कालीन कृती, कॉकपिटमध्ये सूचनेची पट्टी. त्यात स्पॅनर लागत नाही म्हणून तो हँगरमध्येच राहून जातो. पान मॅन्युअलमध्ये घातलं पण पायलटला सांगितलंच नाही, तर कागद पूर्ण झाला आणि धोका जागच्या जागी राहिला.

भाग मिळत नाही. दुसरी पद्धत चालेल का?

चालू शकते, पण आधी लेखी मंजुरी. एडीच्या शेवटी पर्यायी पद्धतीचा परिच्छेद असतो आणि अर्ज कोणाकडे करायचा ते तिथे दिलेलं असतं. अर्जात 'भाग उपलब्ध नाही' एवढंच कारण पुरत नाही. तुमच्या पद्धतीने सुरक्षिततेची तीच पातळी कशी राखली जाते ते दाखवावं लागतं. दुसऱ्याला मिळालेली मंजुरी तुम्हाला लागू होते असं समजू नका, ती सीरियल नंबरपुरती असू शकते.

एडी फक्त सॉफ्टवेअर अपडेटचा आहे. तो तर तासाभरात होतो ना?

लोड करायला तासही लागत नाही. वेळ जातो तो खात्री करण्यात. लोड झाल्यावर स्क्रीनवरचा सॉफ्टवेअर पार्ट नंबर एडीतल्या नंबराशी अक्षर न अक्षर जुळतो का, दोन्ही चॅनेलवर तोच आहे का, इंजिनाचे मोजलेले तास, सायकल्स आणि मर्यादा ओलांडल्याच्या नोंदी पुसल्या तर गेल्या नाहीत ना. या नोंदी अपडेटच्या आधी उतरवून घ्या. नंतर आठवण येऊन काही उपयोग नसतो.

दुरुस्तीनंतर कोणत्या चाचण्या?

एडीत आणि मेंटेनन्स मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या सगळ्या. अनुभवाने त्यात भर घालावीशी वाटते ती अशी. हार्नेसचं काम झालं असेल तर पॉवर देऊन, डिस्प्लेकडे एक माणूस बसवून, दुसऱ्याने हार्नेस कनेक्टरपाशी हलवून बघावा. जागच्या जागी नीट दिसणारा आकडा हलवताना उडाला तर पिन अजून सैल आहे. इन्सुलेशनची मेगर चाचणी (जास्त व्होल्ट लावून रोध मोजणं) करायची असेल तर इलेक्ट्रॉनिक युनिट आधी सोडवा. ५०० व्होल्ट डिस्प्ले युनिटच्या आत गेले की नवा खर्च उभा राहतो. थर्मोकपलची वायर जोडताना शंका आली तर छोटं चुंबक लावा: अल्युमेल चिकटतं, क्रोमेल चिकटत नाही. आणि शेवटी ग्राउंड रन. त्यात जुने आणि नवे आकडे शेजारी शेजारी लिहा. दुरुस्तीनंतर त्याच टॉर्कला तापमान वीस अंश जास्त दिसू लागलं, तर घाबरण्याआधी विचार करा: कदाचित ते आता पहिल्यांदा खरं दिसतंय. मग मागच्या काही महिन्यांत इंजिन किती भाजलं हा प्रश्न उत्पादकाकडे न्यावा लागतो.

लॉगबुकात काय लिहायचं?

'एडी पूर्ण' हे दोन शब्द पुरत नाहीत. एडीचा क्रमांक आणि आवृत्ती किंवा तारीख, कोणत्या परिच्छेदाप्रमाणे काम केलं, बुलेटिनची आवृत्ती, काय आढळलं, कोणता भाग काढला आणि कोणता बसवला त्याचे नंबर, त्या वेळचे तास, सही आणि लायसन्स. वारंवार करायचं असेल तर पुढचं कधी, तेही. एडीत दोन मार्ग असतील, म्हणजे तपासत राहा किंवा भाग बदलून कायमचं संपवा, तर कोणता घेतला ते स्पष्ट हवं. नाहीतर पुढचा माणूस एकतर विनाकारण तपासत राहतो किंवा तपासणं बंद करतो. नव्या एडीने जुन्याची जागा घेतली तरी जुनी नोंद खोडू नका.

खर्च कोणाचा?

मालकाचा. उत्पादक वॉरंटीत काही देऊ शकतो, मागून बघा. बुलेटिनमध्ये त्याची मुदत लिहिलेली असते आणि ती एडीच्या मुदतीपेक्षा आधी संपू शकते. एफएएच्या एडीत खर्चाचा अंदाज छापतात. बरीच वर्षं तो ताशी ८५ डॉलर मजुरी धरून येत आला आहे. त्यावर बजेट बांधू नका: त्या भागापर्यंत पोहोचायला कायकाय उघडावं लागतं आणि मशीन उभं राहण्याचं नुकसान किती, ते त्यात सहसा नसतं.

वापरलेलं हेलिकॉप्टर घेताना काय बघू?

एडीची यादी विकणारा देतोच. ती बाजूला ठेवून प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून स्वतः यादी काढा आणि दोन्ही ताडून बघा. 'लागू नाही' लिहिलेल्या ओळी सर्वांत आधी तपासा. पूर्ण केलेल्यांपेक्षा त्यात जास्त घोळ निघतात. मग तीन-चार इलेक्ट्रिकल एडी निवडून प्रत्यक्ष मशीनवर पार्ट नंबर वाचा. आणि मर्यादा ओलांडल्याच्या नोंदी डिस्प्लेमधून उतरवून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

एडी नाही, पण दोष सापडलाय. कळवायचं का, कोणाला?

कळवायचं: उत्पादकाला आणि तुमच्या प्राधिकरणाला. युरोपात ३७६/२०१४ या नियमानुसार सक्तीने कळवायच्या घटनांसाठी ७२ तासांची मुदत आहे. तुमच्याकडे किती ते पाहून ठेवा. बहुतेक एडी अशाच अहवालांतून जन्मतात. एका हँगरमध्ये दिसलेली घासलेली वायर योगायोग वाटते, चौथ्या हँगरमधूनही तीच जागा आली की डिझाइनचा प्रश्न ठरतो. आणि पहिल्या तिघांनी निमूटपणे टेप गुंडाळली असेल तर चौथा पहिलाच ठरतो. अहवालात भागाचा आणि सीरियलचा नंबर, एकूण तास, शेवटच्या तपासणीपासूनचे तास, पायलटला काय दिसलं आणि कोणत्या अवस्थेत ते लिहा. फोटो काढा तो पुसण्याआधी आणि क्लॅम्प सोडण्याआधी, शेजारी मोजपट्टी ठेवून. काढलेला भाग उत्पादक 'आता टाकून द्या' असं लेखी सांगेपर्यंत जपून ठेवा.